मोरचूदने बांधलेलं घर

ताईंना ताई म्हणणारी माणसं इतकी होती, की कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर त्या आधी मागे वळून बघायच्या. धाकटा भाऊ ताई म्हणायचा ते ठीकच. पण दातांच्या ज्या लॅबमध्ये त्या कामाला होत्या तिथला मालक, साचे घेऊन येणारा कुरियरवाला, वरच्या मजल्यावरचा वकील, सगळ्यांच्या त्या ताईच. काम कवळ्या आणि कॅपा बनवण्याचं. डॉक्टरकडून पेशंटच्या जबड्याचा साचा यायचा, त्यावर मेण चढवून ताई दात कोरायच्या. दाढेच्या खाचाखोचा मनासारख्या उठेपर्यंत मान वर करायच्या नाहीत. पन्नाशी उलटली होती, चष्म्याच्या काचा जाड होत चालल्या होत्या, पण हात अजून कापत नव्हता.

अशा ताई कॉम्प्युटरवरच्या खेळात शिरल्या त्या लेकीमुळे. लेक फिजिओथेरपिस्ट, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. रोज फोन व्हायचा, पण फोनवर बोलून बोलून बोलणार काय? जेवलीस का, झोप झाली का, बरं ठेवते. एका रविवारी लेक म्हणाली, "आई, तू आमच्या वस्तीत ये ना. हात कामात असले की तोंड आपोआप सुटतं."

वस्ती म्हणजे त्या खेळातलं एक गाव. सगळं ठोकळ्यांचं. माती ठोकळ्यांची, झाडं ठोकळ्यांची, चंद्रसुद्धा चौकोनी. आपापल्या घरी बसलेली दीडदोनशे माणसं तिथे एकत्र जमायची आणि ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घरं, पूल, बंदर, घंटाघर असं काय काय उभं करायची. मारामारी नाही, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. ताईंना पहिले काही दिवस हेच कळेना, की मग हा खेळ कसला. "संपतो कधी?" असं त्यांनी लेकीला विचारलं, तर लेक म्हणाली, "संपत नाही गं. गाव कधी संपतं का?"

तिथे प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागे. लेकीने आईचं नाव परस्पर ठरवून टाकलं, अक्कलदाढ. पहिल्याच दिवशी अक्कलदाढ नदीत पडली, वर आली, पुन्हा पडली. चालायची बटणं वेगळी, मान वळवायची वेगळी. ताईंची पार भंबेरी उडाली. पण महिनाभरात हात बसला. मेणात दाढ कोरणाऱ्या माणसाला ठोकळ्यांतून कमान वळवणं जमायला वेळ लागत नाही. कोणी छज्जा करून मागायचं, कोणी जिन्याचं वळण. पुढे लेकीची ड्यूटी बदलली, तिचं येणं कमी झालं, पण ताई दुपारी लॅब सुटली की चहाचा कप घेऊन वस्तीत हजर. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा, तो घरी आल्यावर दारातूनच विचारायचा, "बाईसाहेब घरात आहेत का गावाला गेल्यात?"

वस्तीचा कारभार बघणाऱ्याला सगळे मुकादम म्हणत. प्रत्यक्षात तो कोण होता, कुठला होता, कुणालाच माहीत नव्हतं. नियम मात्र त्याचे कडक. दुसऱ्याच्या बांधकामातला एक ठोकळाही विचारल्याशिवाय हलवायचा नाही. एकदा मुकादमाने चौकातल्या फळ्यावर जाहीर केलं, की नदीपलीकडच्या टेकडीवर प्रत्येकाने आपलं लहानपणचं घर बांधायचं. जसं आठवतं तसं. सुंदर नको, खरं हवं.

ताईंना घर ठरवावं लागलंच नाही. त्यांचे वडील पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होते. पंपाच्या मागे दोन खोल्यांची क्वार्टर होती, तिथे त्या आणि धाकटा भाऊ छोटू वाढले. पुढे वडिलांची बदली झाली आणि ती क्वार्टर सुटली. दोन दिवस कोरताना, भाजी निवडताना, ताई ते घर मनात उभं करत होत्या. तिसऱ्या दिवशी जागा बघायला म्हणून टेकडी चढल्या. वाटेत कुणाचा बंगला, कुणाचं पत्र्याचं घर, कुणी तर आगबोट बांधली होती. ते बघत बघत त्या टोकाला पोचल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

समोर त्यांचं घर उभं होतं.

तसं दिसणारं नव्हे, त्यांचंच. निळं दार. पायऱ्यांपैकी मधल्या पायरीचा डावा कोपरा उडालेला. तिथे मुद्दाम अर्धा ठोकळा लावला होता. बाहेरच्या भिंतीला, हात पोचणार नाही इतक्या उंचावर, कारण नसताना एक नळ. आणि पायऱ्यांच्या बाजूचा लोखंडी कठडा मध्येच आत वाकलेला. त्या कठड्यावर छोटू सायकलसकट आपटला होता. छोटूच्या हनुवटीला टाके पडले आणि कठड्याला बाक आला, ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती, की ताईंना तो आवाजसुद्धा आठवायचा.

ताई हळूच आत गेल्या. बाहेरची खोली, कोनाडा, आत स्वयंपाकघर. ओटा इतका ठेंगणा, की आईची कंबर दुखायची. सगळं जिथल्या तिथे. चहा निवून त्यावर साय आली तरी त्यांनी कप उचलला नाही.

दारापाशी पाटी होती. बांधणाऱ्याचं नाव, मोरचूद.

त्यांनी लगेच लेकीला फोन लावला. "तू बांधलंस का पंपावरचं घर?"

"कुठलं घर?"

"अगं, माझं. आजोबांच्या क्वार्टरचं."

"मी कुठे बघितलंय ते? माझ्या जन्माच्या आधीच सुटलं ना? आई, पेशंट टेबलावर आहे, संध्याकाळी बोलते."

खरंच, तिने कुठे बघितलं होतं? आईवडील आता नव्हते. त्या घराचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. दारापुढे उभं राहून काढलेले दोन होते, पण त्यात माणसंच दिसायची. म्हणजे ती पायरी, तो नळ, तो ओटा ठाऊक असणारं जगात ताईंशिवाय एकच माणूस उरलं होतं.

छोटू आणि ताई भांडलेली नव्हती. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. आई आजारी पडली, तिचं डोकं भरकटायला लागलं, तेव्हा ती ताईंकडे होती. छोटू लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, लांब राहायचा, फोन करायचा, अधूनमधून यायचा. आई गेली. त्यानंतर दोघं एकमेकांशी फार नीट वागायला लागली. वाढदिवसाला फोन, "तब्येत कशी", "बरी", "घरी सगळे?", "मजेत". पूर्वी जो माणूस ताईंच्या ताटातला घास उचलून खायचा तो आता चहाला नको म्हणायचा. हे कधी झालं, कशाने झालं, ताईंना नेमकं बोट ठेवता येत नव्हतं.

आणि त्याच छोटूने कुणालाही न सांगता टेकडीवर घर बांधलं होतं! ताईंना हसू आलं. याला संगणक कुणी शिकवला? मी इथे आहे हे याला कळलं कसं? लेकीने सांगितलं असणार. मुद्दाम माझ्यासाठी बांधलं की काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तिथे गेल्या, तर मोरचूद अंगणात होता. निळसर कपड्यांतलं एक ठोकळ्यांचं माणूस, लिंबाचं झाड लावत होतं. ताईंनी टाइप केलं, "हे घर तूच बांधलंस ना?"

उत्तर आलं, "हो, मीच."

"मी ताई."

थोडं थांबून, "नमस्कार ताई."

नमस्कार! हा छोटूचाच नखरा. आईनंतर हा असाच बोलायला लागला होता, कार्यालयात अर्ज द्यायला आल्यासारखा. ताईंना रागही आला आणि मायाही. समोर चेहरा नव्हता, त्याने नको म्हटलेला चहा नव्हता, मध्ये भावजय नव्हती. चौकोनी तोंडाचं ते माणूस मुकाट उभं होतं. ताईंची बोटं चालायला लागली ती थांबेचनात.

त्यांनी लिहिलं, की पायरीचा कोपरा तुला अजून आठवतो हे बघून मला रडू आलं. त्यांनी लिहिलं, की तू असा परक्यासारखा वागतोस ते मला टोचतं. आणि मग जे नवऱ्याला आणि लेकीलाही सांगितलं नव्हतं तेही लिहून टाकलं. शेवटचे कित्येक आठवडे आई मला ओळखतच नव्हती. मी तिला न्हाऊ घालायचे, भरवायचे, आणि ती मला म्हणायची, सिस्टर, माझा छोटू कधी येणार? रोज तुझं नाव. माझं एकदाही नाही. तुझ्यावर राग नव्हता रे माझा. पण तू आलास की मला तुझ्याकडे बघवायचं नाही. हे तुला सांगायचं राहून गेलं.

मग समोरून आलं, "वाचलं." आणि त्याखाली, "फार कठीण गेलं असेल."

छोटूने आयुष्यात कधी असं वाक्य उच्चारलं नव्हतं. पण लिहिताना माणूस वेगळा होतो, ताईंनी स्वतःची समजूत घातली. शेवटी तिकडून आलं, "आता जावं लागेल. मी उद्या येते, तेव्हा बोलू."

येते?

ताईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. येते. छोटूला टायपिंग जमत नव्हतंच. मागे त्याने वाढदिवसाला "शुभेच्या" पाठवल्या होत्या. काना राहून गेला असेल. एका कान्याचं काय एवढं? असं म्हणून त्या उठल्या, पण भाजीत मीठ दोनदा पडलं.

नवऱ्याला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "येतो लिहिताना चुकून येते लिहिलं जातं का हो?"

"माझ्या टेबलावर रोज जातं," नवरा घास गिळत म्हणाला. "पण बाई 'येतो' लिहितात, त्या चुका जास्त. का?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी ताई आधीच जाऊन बसल्या. उगाच स्वयंपाकघरात फिरत होत्या, तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. ओट्याच्या वर खिडकी होती. दोन झडपांची, बाहेर झाड दिसेल अशी. पहिल्या दिवशी धांदलीत दिसलीच नव्हती. ताई गोंधळल्या. त्या भिंतीला खिडकी कुठली? तिथे धूर जायला एक भोक होतं, तेवढंच. आई पदराने डोळे पुसत भाकऱ्या थापायची, ते सगळं त्या भिंतीसमोर.

मोरचूद आल्याबरोबर त्यांनी लिहिलं, "इथे खिडकी नव्हती."

"होती."

"अरे नव्हती. भोक होतं."

"खिडकी होती, ताई. मी तिथे बसून अभ्यास करायचे."

करायचे! आता मात्र काना राहिला म्हणून सोडायला जागा नव्हती. आणि छोटू ओट्यावर बसून अभ्यास? छोटू कुठेच बसून अभ्यास करायचा नाही. त्यांनी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला आणि छोटूला फोन लावला. वाढदिवस नसताना, कुणी आजारी नसताना.

"ताई?" छोटूच्या आवाजात धसका होता. "काय झालं?"

"आपल्या पंपावरच्या स्वयंपाकघराला खिडकी होती का रे?"

पलीकडे कुठेतरी मशीन घरघरत होतं. मग ते बंद झालं.

"नव्हती," छोटू म्हणाला. "भोक होतं. चिमण्या यायच्या त्यातून."

"नक्की?"

"एक चिमणी पिठात पडली होती. आई ओरडली होती. नक्की."

"मग तू खिडकी का काढलीस?"

"मी? कुठे?"

"टेकडीवर!"

"ताई," छोटू अगदी हळू म्हणाला, "घरात भाऊजी आहेत का? त्यांना फोन दे जरा."

त्याला वाटलं, आईचं झालं तेच आता ताईचंही सुरू झालं. ताईंच्या ते लक्षात आलं आणि त्या इतक्या चिडल्या, की चिडण्यातूनच त्यांचा आवाज सरळ झाला. त्यांनी वस्ती, ठोकळे, टेकडी, मोरचूद, सगळं पहिल्यापासून सांगितलं. फक्त मोरचूदला काय लिहिलं तेवढं गाळलं. छोटू मध्ये मध्ये "बरं" म्हणत होता, पण त्याच्या "बरं"मध्ये काही शिरत नव्हतं हे स्पष्ट होतं.

"म्हणजे तो तू नाहीस," शेवटी ताई म्हणाल्या.

"मी लिफ्टच्या मशीनखोलीत आहे, ताई. खाली म्हातारे अडकलेत. पण तू म्हणतेस ती पायरी... उडालेला कोपरा डावा की उजवा?"

"डावा."

"बरोबर आहे," छोटू म्हणाला. आणि मग त्याच्याही आवाजात भीती आली. "मग कोण आहे तो?"

"तो नाही. ती आहे."

फोन ठेवून ताई वळल्या. मोरचूद अजून खिडकीपाशी उभी होती. खाली तिने लिहून ठेवलं होतं, "ताई, आहात का? मला तुम्हाला काही सांगायचंय. लिहून नको. बोलूया का?"

खेळात बोलायचीही सोय होती, ताईंनी कधी वापरली नव्हती. बटण शोधण्यात दोन वेळा नदीचा आवाज मोठा झाला, तेव्हा कुठे एका बाईचा आवाज आला. चाळिशीच्या आसपासची वाटत होती. शाळेत रसायनाच्या प्रयोगशाळेत सहायक होती, म्हणून तिथल्या निळ्या क्षाराचं नाव, मोरचूद.

"तुम्ही कोण आहात?" ताईंनी दम देऊन विचारलं. "आमचं घर तुम्हाला कसं माहीत?"

"तुमचं?" ती बाई म्हणाली. "ताई, मी तिथेच वाढले. माझे वडील पंपावर ऑपरेटर होते."

"माझे वडील पंपावर ऑपरेटर होते!"

उत्तर इतकं सोपं होतं, की ताईंना स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आपण निघालो म्हणजे ते घर संपलं, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. बदली झाली तर त्या जागी दुसरा ऑपरेटर येणार, त्याला बायको असणार, मुलं असणार, ती मुलं त्याच पायरीवर ठेचकाळणार, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"खिडकी माझ्या वडिलांनी पाडून घेतली," मोरचूद म्हणाली. "आईला धुराने दम लागायचा म्हणून."

आमच्याही आईला लागायचा, असं ताईंच्या जिभेवर आलं. आपल्या वडिलांना ते का सुचलं नाही, हा विचार त्यांना नको होता, पण आला.

मग ती बाई म्हणाली, "काल तुम्ही जे लिहिलंत... दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच मला कळलं होतं, की हे माझ्यासाठी नाही. मी थांबवायला हवं होतं."

ताईंचे कान तापले. "मग थांबवलं का नाही?"

"कसं थांबवू, तेच कळेना. तुम्ही न थांबता लिहीत होतात. मध्येच 'मी तो नाही' म्हणणं मला... आणि खरं सांगू? पुढे वाचावंसंही वाटलं. माझी आई आहे अजून. माझ्याशी रोज वाद घालते. तुमचं वाचून झाल्यावर मी तिला फोन केला."

यावर रागवायचं की काय करायचं, ताईंना ठरवता येईना. परक्या बाईने आपल्या घरातलं सगळ्यात आतलं बोलणं वाचलं होतं. पण ती परकी म्हणावी तर त्याच ओट्याखाली लपाछपीला लपली असणार. त्यांनी इतकंच विचारलं, "काय म्हणाली आई?"

"म्हणाली, आज कसा काय फोन आला, पैसेबिसे हवेत का."

ताईंना हसू फुटलं.

छोटूला हे सांगितलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला, तो ताईचं डोकं ठिकाणावर आहे म्हणून. पण दुसऱ्याच दिवशी, वाढदिवस नसताना, त्याने स्वतःहून फोन केला, असं आईनंतर पहिल्यांदा झालं. "ती बाई नळाबद्दल काय म्हणते? उंचावरच्या?" दुसऱ्या दिवशी पुन्हा, "तिला विचार, पावसाळ्यात बाहेरच्या खोलीत पाणी यायचं का." आणि शेवटी रविवारी सकाळी, "मला ते आत कसं यायचं सांग. मुलाचा कॉम्प्युटर मोकळा आहे."

अशा रीतीने छोटू वस्तीत आला. येताच नदीत पडला. त्याला टेकडीवर आणण्यातच सकाळ गेली, तो भिंतीला नाक लावून चालत राहायचा आणि ओरडायचा, "ताई, अंधार झाला!" जन्मभर लिफ्ट वरखाली नेणाऱ्या माणसाला पायऱ्या चढता येत नव्हत्या. मोरचूद त्याला "डावीकडे, दादा, डावीकडे" सांगून थकली.

शेवटी तो निळ्या दारासमोर उभा राहिला.

"बघ," ताई म्हणाल्या, "तुझा कठडा."

"माझा कसला?"

"तू सायकलसकट आपटला होतास तो."

"आपटलो होतो," छोटू म्हणाला. "पण कठडा आधीपासून वाकडा होता. आपण राहायला गेलो तेव्हापासून. म्हणून तर माझी हनुवटी त्यात अडकली."

"छे! तुझ्यामुळेच वाकला."

"माझे वडील म्हणायचे," मोरचूद मध्येच म्हणाली, "सामानाचा ट्रक मागे घेताना त्यांच्याकडून वाकला. आम्ही आलो त्या दिवशी."

तिघं त्या कठड्यासमोर उभी राहिली. तो कधी वाकला असेल, कुणामुळे, याचा काही पत्ता लागेना. छोटूच्या हनुवटीवरची खूण खरी होती. ट्रक खरा होता. ताईंच्या कानातला आवाजही त्यांना खराच वाटत होता. तिघांचं एकत्र बसत मात्र नव्हतं. तेवढ्यात मुकादम फिरत फिरत आला आणि त्याने विचारलं, घर कुणाचं म्हणून नोंदवायचं, आणि खिडकीवरून काही तक्रार आहे का. मोरचूद म्हणाली, तुमची इच्छा असेल तर मी खिडकी बुजवते. ताईंनी छोटूला विचारलं. छोटू म्हणाला, "राहू दे. आईला हवा लागेल." कुणाच्या आईला, ते तो बोलला नाही. मुकादम पाटीवर तिघांची नावं घालून पुढे गेला.

थोड्या वेळाने मोरचूदला कुणीतरी घरातून हाक मारली आणि ती गेली. ताई आणि छोटू दोघंच राहिली. ताई ओट्याजवळ उभ्या, छोटू एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून. त्याला वळता येत नव्हतं. ताईंना वाटलं, आता सांगितलं नाही तर पुन्हा वाढदिवसापर्यंत राहील. पण त्या दिवशी सुटलेले शब्द आता एकेक करून ओढावे लागत होते.

"छोटू, आई शेवटी मला ओळखत नव्हती."

"हं."

"सिस्टर म्हणायची. आणि रोज विचारायची, माझा छोटू कधी येणार."

भिंतीकडे तोंड केलेलं ते ठोकळ्यांचं माणूस हललं नाही.

"गंमत बघ," छोटू म्हणाला. "तू तिच्या कानाला फोन लावून द्यायचीस ना संध्याकाळी? ती मला एकदाही छोटू म्हणाली नाही. मला ताईच म्हणायची. ताई, जेवलीस का गं. ताई, डोळ्यांना त्रास होईल असं काम करू नकोस. मी म्हणायचो, आई, मी छोटू. तर म्हणायची, छोटूचं राहू दे, तू कधी येतेस ते सांग."

ताईंनी आवाजाचं बटण आणखी वर नेलं.

"मला वाटायचं," छोटू म्हणाला, "तू सगळं करतेस म्हणून तिला तूच आठवतेस. मी नाही. मग तुझ्याकडे यायला मला कसंतरी व्हायचं."

ताईंनी त्या संध्याकाळी आठवण्याचा प्रयत्न केला. फोन त्या आईच्या कानाला लावायच्या हे खरं. तेवढीच सवड मिळते म्हणून त्या लगेच कपडे वाळत घालायला गच्चीत जायच्या. आई फोनवर काय बोलते ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. छोटू खरं सांगत होता, की ताईला बरं वाटावं म्हणून आत्ता, या क्षणी रचत होता? लहानपणी तो थापा छान मारायचा. पण डोळ्यांना त्रास होईल असं काम करू नकोस, हे वाक्य आईचंच होतं; तिने ते हजारदा म्हटलं होतं. अर्थात ते छोटूनेही हजारदा ऐकलं होतं.

"खरंच म्हणायची?" त्यांनी विचारलं.

"आता ते मी कसं दाखवू तुला?"

ताईंना राग येत नव्हता, रडूही येत नव्हतं.

"ताई," छोटू म्हणाला, "मला या भिंतीपासून सोडव आधी. मग बोलू."

"उजवीकडचा बाण दाब."

"दाबतोय."

"तो डावा आहे, छोटू."

"मग नीट सांग ना! आणि हे बघ, पुढच्या रविवारी मी येतो तिकडे. खरा. तू शेजारी बसून शिकव मला."

"ये," ताई म्हणाल्या. "जेवायलाच ये."

त्याने हो म्हटलं. त्यानंतर तो कसाबसा वळला, दार समजून खिडकीतून बाहेर पडला आणि थेट लिंबाच्या झाडात जाऊन अडकला. ताई त्याला काढायला धावल्या.